फक्कीच्या रेघांचं घर

मंडळी, एक सांगा. लेकीसाठी स्थळ बघायला जाता, तेव्हा घरात काय काय बघता? स्लॅब, नळ, फरशी... खरं ना? आणि घर उभंच नसेल तर? मग काय बघाल? ऐका!

बार्शीकडचे रंगनाथराव ढवळे. सिमेंटचे व्यापारी, स्वतःचं तीन मजली घर. घर पारखावं ते आपणच, असा दिमाख! त्यांच्या शालनला स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, घरी विधवा आई, अनसूयाबाई. राहायला भाड्याची खोली. पण जागा घेतलेली, घर बांधायचं होतं. निघाले रंगनाथराव ते घर बघायला!

तिथं काय? मोकळी जमीन, आणि तिच्यावर पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या रेघा. अनसूयाबाई हौसेनं दाखवू लागल्या, हे स्वयंपाकघर, इथं देव. पाहुणे नाक मुरडत चालले. बैठक अरुंद, जिना भलत्याच अंगाला! अहो, वीट लागली नाही अजून, आणि यांनी घर नापाससुद्धा केलं!

पूर्वेचा एक चौकोन मात्र ऐसपैस. रंगनाथरावांनी विचारलं, "ही तुमची खोली वाटतं?"

"नाही, शालनची. दोन खिडक्या ठेवल्यात. शालनला बघायला आलो, त्या दिवशी हात धुवायला तुमच्या मागल्या दारी गेले, तर जिन्याखाली तिचं शिलाई मशीन दिसलं. अंधारात सुई ओवत होती पोर."

टोमणा नव्हता हो तो! टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. तीन मजले, पाहुण्यांची खोली वर्षभर कुलपात, आणि लेक जिन्याखाली! बापाला परक्या बाईनं सांगावं लागलं. रंगनाथरावांची मान जी खाली गेली, ती घरी येईपर्यंत वर झाली नाही.

आल्या आल्या त्यांनी पाहुण्यांच्या खोलीचं कुलूप काढलं आणि स्वतः मशीन उचलायला वाकले. शालननं विचारलं, घर पसंत पडलं का? त्यांनी होकाराची मान डोलावली.

"मग आता कशाला, बाबा?" ती म्हणाली. "थोडेच दिवस राहिलेत माझे इथं."

रागानं नाही, साधेपणानं म्हणाली. बाप तसाच वाकलेला राहिला.

लग्न झालं, घरही झालं. वास्तुशांतीला सगळ्यांनी आत बोलावलं, पण रंगनाथराव शालनच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच बसले.

आता तुम्ही! बापांनो, भावांनो, घरी जाऊन एवढंच बघा, लेक कुठं बसते? जिन्याखाली सापडली तर मला नका सांगू. तिला उजेडात बसवा. स्थळ येण्याआधी! आणि मग घ्या विठ्ठलाचं नाव. तोवर माझेही टाळ गप्प.