चार बोटं

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या काकांना शेजारच्या दोघींच्या गप्पांमुळे दाढेचा जरा विसर पडला होता. एक कपडे शिवणारी, दुसरी तिची नणंद.

"वहिनी, त्या कॉम्प्युटरवरच्या कपडे बेतायच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही काय केलंत म्हणे?"

"अहो वन्सं, तो सगळ्यांचाच आहे, कुणीही भर घालावी. त्यात पाठीला बाक आलेल्या बायकांचं मापच नव्हतं. मी लिहून पाठवलं."

"घेतलं?"

"तीनदा परत आलं."

"तीस वर्षं शिवताय तुम्ही. राग नाही आला?"

"आला की. मी लिहिलं होतं, मागे चार बोटं जास्त सोडा. तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांनी विचारलं, कुणाची बोटं?"

"आगाऊच मेले."

"मग मी पट्टी घेऊन बसले. माझी चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं हो."

"मग घेतलं?"

"घेतलं. आता नव्यांचं तपासायला माझ्याकडे येतं. काल एकाने लिहिलं, बाही थोडी सैल ठेवा."

"मग?"

"परत पाठवलं. थोडी म्हणजे किती?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. "या काका. थोडंसंच दुखेल."

काका उठले आणि दारातच थांबले.

"थोडंसं म्हणजे किती?"