ओळ उचलणारी

रुपराव : आता विचारूनच राहिली, तर खुर्ची राहू दे तिकडं. इथं सतरंजीवर ये, जवळ सरक. प्रेमिला तुले भेटाले काहून नाही आली, हे एका वाक्यात सांगतो म्हटलं तर तुले खोटं सांगा लागते. आणि खरं सांगतो म्हटलं तर आख्यान लावा लागते.

नूपुर : काका, आज प्रोग्राम आहे. चार वाजता मला साउंड चेकला पोचायचंय. ड्रायव्हर गाडी आणतोच म्हणाला.

रुपराव : लकडगंजात लाकडाचे ट्रक लागले असतीन, तर तो काही लवकर येत नाही. तोवर माहं आख्यान होऊन जाते. ऐक. आपल्या कुसुमताई गांधीबागेतल्या मंदिरात कीर्तनाले उभ्या राहत, तवा मी तबल्यावर, आणि मागं दोन पोरी झांजा घेऊन बसत. एकीचं नाव घेत नाही, ती इथं चहा पिऊन राहिली. दुसरी प्रेमिला. बाप मौद्याकडं धान पिकवणारा, पोरगी इथं मामाकडं शिकाले ठेवलेली. पूर्वरंग संपला, की लोक ताईले हार घालत, बुक्का लावत. ताई घोटभर पाणी पिऊन दम घेत, आणि तेवढ्या वेळात पहिली पोरगी उभी राहून एक पद म्हणे. ताईची शिकवण तुले ठाऊक आहे.

नूपुर : ओळ पुरी म्हणायची नाही. अर्धी म्हणायची आणि सोडायची.

रुपराव : बाकीची अर्धी मागच्यानं उचलायची, अन् त्याच्या मागून साऱ्या मंदिरानं. ताई म्हणत, पुरी म्हटली तर ओळ तुझी, अर्धी सोडली तर देवाची. तर पहिली सोडे आणि प्रेमिला उचले. असं सात-आठ वर्षं चाललं. पण लोकांचं कसं असते, उभी असलेली दिसते, बसलेली नाही दिसत. घरी जाताना साऱ्या बाया पहिलीच्या गालावरून हात फिरवत. प्रेमिला झांजा पिशवीत भरत राहे.

नूपुर : मी तिला प्रसाद नेऊन द्यायचे.

रुपराव : नेऊन द्यायची ना. तेच तर. पुढं पहिलीचं पद कोणीतरी मोबाइलवर टाकलं, ती मुंबईले गेली, मोठी झाली. दुसरीचं लग्न सुशीलसंगं झालं. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात, राहाले क्वार्टर, एक पोरगी, भूमिका. माणूस देवासारखा. सारं बरं होतं. फक्त भातात खडा यावा तसं रोज काहीतरी दाताखाली येई. गांधीबागेत साड्यांच्या दुकानावर तुह्या फोटोचा हा एवढा बोर्ड लागला. प्रेमिला तेव्हापासून कापड घ्याले मागच्या गल्लीतून जाते. कॉलनीतल्या बाया हळदीकुंकवाले विचारत, नूपुर तुमची मैत्रीण ना? तर म्हणे, ओळखत होती.

नूपुर : मी तिला ओळखत होते, की ती मला?

रुपराव : ते तिनं कधी फोडून नाही सांगितलं. आणि घरात भूमिकानं तुहं गाणं लावलं, की ही स्वयंपाकघरात मिक्सर सुरू करे. सुशील मले म्हणे, काका, भांडं रिकामं असते हो.

नूपुर : हसू नका काका.

रुपराव : मी हसलो नाही. बाईच्या मनाची आग होती ती, तिले गाण्याचं वेड होतं आणि गाणं ऐकवत नव्हतं. मंग मागच्या महिन्यात तुहा नवा अल्बम आला, 'निळी स्कूटी'.

नूपुर : आणि सगळ्यांनी धुतला. बोला ना. एकानं लिहिलं, आवाजाचं वय झालं. दुसऱ्यानं लिहिलं, गायिकेचा दम संपलाय, ओळी अर्ध्यावर टाकून देते. यूट्यूबवर एका पोरानं फक्त त्या अर्ध्या ओळी जोडून व्हिडिओ केला, लाखो लोकांनी पाहिला. मीही पाहिला. चांगला केलाय.

रुपराव : ते 'दम संपला' लिहिलेला पेपर प्रेमिलाच्या हाती पडला. त्या दिवशी तिनं घरी पुरण घातलं. सुशील म्हणे, आज काय सण आहे? म्हणे, मनात आलं. परवा पुन्हा पुरणपोळीचा डबा भरून बसनं माह्याकडे आली. पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली, आणि पेपर उघडून वाचाले बसली. एकदा वाचलं. पाणी पिऊन पुन्हा वाचलं. 'दम संपला' तिथं आली का असा आवाज लावे, जसं काही उत्तररंगातलं पद. मी आपला खाऊन राहिलो. देवा, पोळी इतकी चांगली झाली होती, का तिच्यावर रागावता पण येईना. शेवटी म्हटलं, तू ऐकलं का गाणं? म्हणे, ऐकाले काय पाहिजे, पेपरात आलं ना.

नूपुर : मग?

रुपराव : मंग मी मोबाइलवर लावलं. इथं काही मिक्सर नाही. ते दाराचं गाणं आहे ना तुहं.

नूपुर : 'दार लोटून जा, मी अजून जागी आहे.'

रुपराव : तेच. पहिल्यांदा तू ओळ पुरी म्हणते. पुढच्या वेळी 'मी अजून' म्हणते आणि थांबते. मागं काहीच नाही, नुसतं वाजणं. तर प्रेमिलाच्या तोंडून आपोआप निघालं, 'जागी आहे'. तिले कळलंही नाही. पुन्हा ती जागा आली, पुन्हा निघालं, आणि काय सुरात वं. माहा हात मांडीवर ठेका धराले लागला. तिसऱ्या वेळी तिनं तोंडाले पदर लावला.

नूपुर : काय म्हणाली?

रुपराव : गाणं संपू दिलं. मंग म्हणाली, "काका, ही माही जागा आहे."

नूपुर : हो.

रुपराव : थांब, खूश नको होऊ. मी म्हटलं, पाहा, नूपुरनं तुही आठवण ठेवली. तर अशी उसळली. "आठवण असती तर बोलावलं असतं. खुर्ची रिकामी ठेवली अन् म्हणते मानाची आहे. इतक्या वर्षांत एक फोन नाही. उपकार केले का माह्यावर?" इतकं बोलली, ताटातली उरलेली पोळी उचलून डब्यात घातली, अन् डबा घेऊन निघून गेली. तुह्या आजच्या प्रोग्रामचे दोन पास तू पाठवले होते, एक माहा, एक तिचा. ते हातात धराले पण तयार नव्हती. हे आहे तुह्या प्रश्नाचं उत्तर.

नूपुर : तिला सांगा, मी जागा ठेवली नव्हती.

रुपराव : म्हणजे?

नूपुर : मानबिन काही नाही काका. मला ते येतच नाही. स्टुडिओत सगळे म्हणत होते, ओळ पूर्ण कर. पहिल्यांदा कशीबशी केली. नंतर त्या जागी आले की श्वास आपोआप थांबतो. मी लहानपणापासून तिथं कधी गायलेच नाही, तिथं प्रेमिला गायची. लाज वाटली, म्हणून त्यांना सांगितलं, ही माझी स्टाइल आहे. पेपरवाल्यांनी खोटं नाही लिहिलं.

रुपराव : हरी नारायण. हे तिले सांगितलं असतं तर पुरणपोळी तिनं तुले घातली असती.

नूपुर : कसं सांगणार? तिला वाटतं, सगळं मला मिळालं. माझं पद झालं की ताई कुणाकडे बघायच्या, आठवतं तुम्हाला? लोक माझ्याकडे बघायचे. ताई मान वळवून मागे बघायच्या, तिच्याकडे, आणि हसायच्या. एवढ्या वर्षांत मला एकदाही तसं हसून नाही दाखवलं. आणि शेवटच्या कीर्तनाला मी दुबईत होते.

रुपराव : त्या कीर्तनात ताईचा आवाज बसलाच होता. ताई नुसते ओठ हलवत होत्या, मागून प्रेमिला गात होती. अर्ध्या मंदिराले समजलं नाही.

नूपुर : बघा. मले तिचा हेवा वाटते काका. हार मले पडले, ताई तिले भेटल्या.

रुपराव : वा रे देवा. दोघी जणी इतकी वर्षं एकमेकीच्या ताटात पाहून राहिल्या, अन् आपलं ताट थंड करून बसल्या. आज ती ओळ कशी करणार आहे मंग?

नूपुर : टीमनं चार मुली उभ्या केल्यात मागे. मी थांबले की त्या म्हणतील, 'जागी आहे'. पुन्हा कुणी हसायला नको म्हणून.

रुपराव : चांगल्या गातात?

नूपुर : खूप चांगल्या. अगदी बरोबर गातात. काल रिहर्सलला ऐकलं, आणि गाडीत बसून रडले.

रुपराव : तर आख्यानाचा शेवट ऐकून जा, तो मी राखून ठेवला होता. परवा प्रेमिला गेल्यावर मी ताटल्या उचलाले लागलो. पास पेपराखाली ठेवले होते. पेपर होता तिथंच, तुह्या बदनामीचा. पास एकच होता.

नूपुर : घेऊन गेली?

रुपराव : डब्यात गेला असन पोळीसंगं. मी विचारलं नाही, तू पण विचारू नको. येते का नाही, ते तिच्या देवाले माहीत. हेवा मोठा हट्टी असते वं, दारापर्यंत येऊन परत जाते.

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

नूपुर : मी मुलींना सांगेन, त्या जागी गायचं नाही. पण काका, मी थांबले आणि ती आलीच नसली तर? पहिल्या रांगेत तेच पेपरवाले बसणार आहेत.

रुपराव : तर ते पुन्हा लिहितीन, दम संपला.

नूपुर : तुमचं बरं आहे, तुम्ही सतरंजीवर बसून बोलताय.

रुपराव : साथीदार बसूनच बोलते, बाई. जा, तुही गाडी आली.

नूपुर : किती वेळ थांबू?

रुपराव : ताई थांबत, तितका. पहिल्या रांगेकडं पाहू नको. मागं कोणी झांज मांडीवर घेऊन बसलं आहे असं समज, आणि तेवढा वेळ प्रेमिलाची आठवण ठेव.