राखणदाराचा चष्मा

शिवम्मा : खोटं बोलू नका. देवघरातून उठून आलात, पण इष्टलिंग डबीतून बाहेरच काढलं न्हाई तुम्ही.

महादेवप्पा : विशाखा, तुझी आज्जी आता पूजेला बसलेल्या माणसावर बी नजर ठेवून राहिली बघ.

शिवम्मा : नजर कशाला पाहिजे? भस्म तसंच, बेल तसाच. नुसतं डोळे मिटून बसायचं अन् पूजा झाली म्हणून उठायचं. एवढ्या वर्षांनी नवऱ्याचं खोटं बायकोला कळत न्हाई व्हय?

विशाखा : अप्पा, खरंय का हे?

महादेवप्पा : हाय खरं. न्याहारी द्या आता.

विशाखा : न्याहारी मिळंल. पण काहून असं?

महादेवप्पा : हा डावा हात बघ. परवा लिंग तळहातावर घेतलं, नजर लावली, अन् हात लागला नाचायला. घसरलं ते. मांडीवर पडलं म्हणून वाचलो. खाली फरशीवर पडलं असतं तर शिवाला काय तोंड दाखवलं असतं मी? स्वामींनी दीक्षा दिली तवा चड्डीत होतो, तेव्हापासून एक सकाळ चुकली न्हाई. आता हाताचाच भरोसा राहिला न्हाई. डबीतच बरं ते.

शिवम्मा : अन् मला सांगायचं न्हाई.

महादेवप्पा : तुला सांगितलं असतं तर काढ्याचा पेला वाढला असता.

शिवम्मा : वाढवलाच असता. टीव्हीवाले सांगत्यात, प्रतिकारशक्ती वाढवा, समदे रोग पळत्यात. गुळवेल, हळद, मिरी, करोनापासून पाजून राहिले. म्हणलं, हा पार्किन्सन बी पळंल.

विशाखा : आज्जी, आता ऐक. या आजारात मेंदूतल्या काही पेशी मरतात, हातापायाची हालचाल नीट ठेवणाऱ्या. त्या का मरतात, पक्कं कोणालाच ठाऊक न्हाई. पण हैदराबादला आमच्या लॅबमध्ये आम्ही जे बघून राहिलो ना, त्यात संशय प्रतिकारशक्तीवरच हाय.

शिवम्मा : म्हंजे कमी पडली म्हणून?

विशाखा : उलटं. अंगात राखणदार पेशी असतात, जंतू शिरला की मारतात. मेंदूत आपलंच एक प्रथिन बिघडून गोळा होतं. राखणदारांना ते परकं वाटतं. मग ते चवताळतात अन् घरच्याच पेशींवर तुटून पडतात, असं दिसून राहिलंय.

शिवम्मा : अय्यो शिवा. म्हंजे काढा पाजून पाजून मीच त्यांना पैलवान केलं? माझ्याच हातानं?

विशाखा : न्हाई गं. तुझ्या काढ्यात एवढा दम न्हाई.

शिवम्मा : दम न्हाई म्हणती. आटवता आटवता सकाळ जाते माझी.

महादेवप्पा : तू डोळे पूस आधी. विशाखा, हे मला बरोबर कळलं. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आपलं आडतीचं दुकान होतं, तवा अण्णाराव राखणीला होता. लई इमानी. एकदा पहाटेच्या अंधारात मी दुकानात शिरलो, डोक्याला मफलर गुंडाळलेला. त्यानं मलाच काठी घातली. चोर चोर म्हणून सगळा मोंढा गोळा केला.

शिवम्मा : पाठ शेकून शेकून माझे हात दुखले होते.

विशाखा : मग काढून टाकलं त्याला?

महादेवप्पा : इमानी माणसाला कोण काढतं? अन् दुसऱ्या दिवशी खरा चोर आला म्हंजे? त्याचे डोळे तपासून आणले, चष्मा करून दिला. मंग मालक कोण अन् चोर कोण, लांबून ओळखायचा.

विशाखा : अप्पा, जगभरचे लोक तेच शोधून राहिले. राखणदाराला मारायचं न्हाई, चष्मा द्यायचा.

महादेवप्पा : मंग कधी व्हईल तयार?

विशाखा : माहीत न्हाई. वर्षं लागतील. राखणदार आधी चुकतो का पेशी आधी बिघडते, हेच भांडण अजून मिटलं न्हाई.

महादेवप्पा : म्हंजे माझ्या हयातीत न्हाई. अन् पूजा बी न्हाई.

विशाखा : तवर गोळी हाय ना. तिच्यानं हात थाऱ्यावर येतो. सकाळची कधी घेता?

महादेवप्पा : पूजा झाली की न्याहारी, मंग काढा, मंग गोळी.

विशाखा : थांबा. डॉक्टरांनी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी सांगितली होती. मी सोबत होते.

महादेवप्पा : सांगितली. पण पूजेआधी मी तोंडात काही घालत न्हाई. पाणी बी न्हाई. माझ्या बापानं कधी घातलं न्हाई.

विशाखा : म्हंजे रात्रीत गोळीचा असर उतरतो, हात सगळ्यात जास्त हलतो, अन् नेमकं तवा तुम्ही लिंग हातात घेता. गोळी घेता लिंग डबीत गेल्यावर.

महादेवप्पा : नेम हाय तो.

शिवम्मा : तुमचा नेम बी अण्णारावच निघाला की. पूजा राखायला ठेवला, तर त्यानं पूजेलाच काठी घातली.

महादेवप्पा : बापाचा नेम मोडू म्हणती का मी?

शिवम्मा : बापाचं म्हणता, तर ऐका. मामंजी आजारी होते, तवा पहाटे पूजेआधी चमच्यानं औषध मीच पाजायचे. तुम्ही मोंढ्यात असायचा.

महादेवप्पा : अन् त्यांनी घेतलं?

शिवम्मा : गुमान घेतलं. म्हणायचे, सुनबाई, आजारी माणसावर शिव रागवत न्हाई. तुझा नवरा रागवंल, त्याला सांगू नको.

महादेवप्पा : म्हातारा लई बेरकी होता.

शिवम्मा : लेकरू त्यांच्यावरच गेलं. लपवालपवीत.

महादेवप्पा : आण गोळी. पाण्यासंगट आण.

विशाखा : भिनायला जरा वेळ लागतो, लगेच बसू नका. अन् थरथर एकदम जाणार न्हाई हं अप्पा. थोडी राहील.

महादेवप्पा : थोडीचं बघून घेतो मी.

शिवम्मा : मांडीवर शालीची घडी टाकते. त्यातूनबी घसरलं, तर शाल झेलंल.

(बऱ्याच वेळानं, देवघरात.)

शिवम्मा : डबी मी उघडू का?

महादेवप्पा : नको. बोटं ऐकून राहिली. उघडतो मीच.

शिवम्मा : विशाखा, मला धड दिसंना. हात हलून राहिलाय का गं?

विशाखा : हलतोय थोडा.

शिवम्मा : परवासारखा?

विशाखा : परवा मी कुठं पाहिला? पण तळहातावरचं लिंग जागचं हललं न्हाई.

महादेवप्पा : माझ्या हाताकडं काय बघून राहिल्या दोघी? लिंगाकडं बघा.