बाजारातली तीट

“म्हातारे, पोराच्या गालाले काय लावलं, ते सांग आधी,” म्हणत लसूणवाल्यानं माझं मनगट धरलं, तेव्हा तळेगावच्या बाजारात माझ्याभोवती वीसेक माणसं जमली होती.

“तीट लावली.”

“तीट नाई, गुंगीचं औषध असन. मोबाइलवर पाह्यलं ना, बाया पोरं पळवून राह्यल्या.”

मागून कोणी म्हणालं, “फोटोबी काढला तिनं.”

काढला होता. रोज एक, असे महिनाभर फोटो काढायची पैज नातीनं लावली होती. मोबाइल मी सत्तरीत, कोणाला न विचारता शिकले. पैज हरणार होय? त्या दिवसाचा विषय होता झोप. भाजीवाली पाणी आणायला गेलेली, आणि वांग्यांच्या टोपल्यांमागे तिचं पोर गाढ झोपलेलं. झोपलेल्या लेकराचा फोटो काढायचा म्हणजे आधी तीट लावायला नको?

तुम्ही आता हसता. पण असली गर्दी आधी मारते, मग विचारते.

भाजीवाली धावत आली, पोराला हलवू लागली. ते डोळे उघडेना. एकानं काठी उचलली. तेवढ्यात पोरानं भोकाड पसरलं, तरी लसूणवाला मनगट सोडेना.

“पोलिसात चाल.”

मी मोकळ्या हाताचं काळं बोट त्याच्यापुढे धरलं.

“चालतो ना बाबू, पण येवढं सांग, पळवून न्यायच्या पोराले दृष्ट लागू नये म्हणून कोणी आपल्या डोळ्यातलं काजळ लावते काय?”