नितीनचा मेलेला शब्द

आमचा नितीन माहितीये ना? ऑफिसातला, ज्याला मेलेले इंग्रजी शब्द जमवायचं वेड आहे तो. गेल्या रविवारी भर दुपारी लालबागला घरी टपकला. आम्ही नेमके सुरमई तळून पानावर बसलेलो. आई म्हणाली, "ये रे, बस जेवायला."

"नको काकी, आत्ताच जेवलो."

आता आपल्याकडे पहिलं 'नको' कोण खरं धरतं? आई परत म्हणणारच होती, तेवढ्यात मी विचारलं, "आज कुठला शब्द?"

"ग्रोक," तो म्हणाला. "दुसरे जेवत असताना, आपल्यालाही बोलावतील म्हणून गप्प बघत राहणं. स्कॉटलंडकडे म्हणायचे. कुत्र्यांनासुद्धा लावायचे."

"आला कुठून?"

"ते नक्की कोणालाच ठाऊक नाही." बोलत होता माझ्याशी, नजर मात्र सुरमईवर.

आई गोंधळली. "पण बघत कशाला राहायचं? तिथे जेवायला बस म्हणत नाहीत?"

"म्हणतात काकी. पण एकदाच."

एवढं बोलून गडी गप्प. नुसता आमच्या ताटांकडे बघतोय. आई माझ्याकडे बघते, मी आईकडे. याला झालंय काय, कळेना. मग एकदम माझी ट्यूब पेटली. हा करून दाखवतोय!

शेवटची तुकडी उचलत मी म्हणालो, "वा! काय ॲक्टिंग करतोस रे! अगदी भुकेला वाटतोस."

तुकडी तोंडात गेली, तसा तो हळूच म्हणाला, "काकी, तुम्ही दुसऱ्यांदा कधी विचारणार?"