पुंडलिकरावांची रिकामी जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कापड गिरणीचे मॅनेजर माननीय प्रभाकरराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती पुंडलिकराव आणि समोर बसलेल्या माझ्या कामगार बंधूंनो,

बदली कामगारांतर्फे दोन शब्द बोलण्याचा मान मला, हरिभाऊला, मिळाला. पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. कायम माणूस आला नाही, तर त्या दिवसापुरता त्याच्या मागावर उभा राहतो तो बदली. म्हणजे कोणाला ताप आला की आमची दिवाळी!

आणि पुंडलिकराव तर कधी आजारीच पडत नाहीत. काय म्हणावं या माणसाला? रोज सकाळी फाटकावर मला पाहून हळहळायचे, "काऊन रे हरिभाऊ, आज बी वापस चालला?" माझी अन्नपूर्णा मारुतीपुढे म्हणायची, "देवा, त्याईले सुखात ठेव, पण एखाद दिवस जरासा ताप येऊ दे." हसता काय? घरात चूल थंड होती हो.

तुम्ही कायम मंडळी पगारवाढ मागायला गेलात की साहेब नुसती खिडकी उघडतात. खाली आम्ही उभे असतो. तुमची मागणी तिथंच विरते. मग तुम्ही आमच्यावर चिडता. पण आम्ही उभं तरी कुठं राहायचं?

पुंडलिकराव निवृत्त होणार कळलं तेव्हा वाटलं, ही जागा आता आपली. अन्नपूर्णेनं पेढे सांगून ठेवले. आणि आत्ताच, हार घालता घालता, अध्यक्षसाहेबांनी जाहीर केलं की पुंडलिकरावांचे दोन माग शेजारच्या माणसाकडे जातील. यापुढे एक माणूस, चार माग. टाळ्याही वाजल्या. अहो, जागाच गेली! पुंडलिकराव, तुम्ही होता तोवर निदान तुमच्या तापाची आशा होती.

साहेब, भाषण पाठ करून आलो होतो, ते राहू द्या. शेजारचा माणूस चार मागांचा वाढीव पगार मागेल. मी मागत नाही. चारही माग मले द्या, पगार दोनाचा द्या. तोही नको, बदलीचाच रोज द्या! ओरडा बाप्पा, ओरडा. तुमचा भाव पाडून राह्यलो, समजते मले. पण तुम्ही उद्या आत जाल, मी कुठं जाऊ?

पुंडलिकराव, तुमच्या सत्काराचा विचका केला, तेवढं पोटात घाला. बंधूंनो, तुमची माफी मागायला मला तोंड नाही. इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे.

साहेब, नुसतं हो म्हणा.