काय-स्क्वेअर म्हंजे काय

बसा बाप्पा, वर्धा-आंजी एसटीतली एक गोष्ट सांगतो. भाजी विकून चतुराबाई रिकामी टोपली घेऊन बसली होती. पुढच्या सीटवर एक पोरगी अन् तिचा बाप. पोरीची उद्या तोंडी परीक्षा, तोंड सुकून गेलतं. चतुराबाईनं कान लावले.

"कोणती टेस्ट केली म्हणतं?" बापानं इचारलं.

"काय-स्क्वेअर."

"मलेच काय इचारतं? शिकून तू राह्यली."

"बाबा, नावच काय आहे तिचं! आपल्या गावातल्या लोकांले इचारलं ना मी? औषध फवारतानी तोंडाले फडकं बांधणारे अन् न बांधणारे. चक्कर येणारे अन् न येणारे. असे चार खाने. दोन्हीचा संबंध नसता तं कोणत्या खान्यात किती माणसं पडली असती, ते काढाचं. खऱ्या आकड्यात लय फरक दिसला, तं संबंध आहे."

"मंग, दिसला?"

"नाई, थोडक्यात हुकला. उद्या सरांले काय सांगू?"

"मले कुठं टाकलं?"

"फडकं नाई, चक्कर नाई."

"तिथून काढ. चक्करवाल्यात टाक."

"बाबा, माह्या मार्कासाठी खोटं नका बोलू!"

"खोटं तं तवा बोललो, माय. चार लोकांपुढं इचारलं तू."

"कवापासून येते?"

"वांग्याच्या फवारणीपासून. परवा तं वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच आडवा झालो."

"आईले माहीत आहे?"

बापानं मागं वळून पाह्यलं, तं चतुराबाई टोपलीवर वाकलेली.

"बाई, बजारात माह्या बायकोच्या बाजूले बसता ना तुमी? तिले एवढं नका सांगू, बाप्पा."